पत्र्याचे पैसे घेतले आणि लांबी (पुट्टी) भरली

कोकणात ज्यांच्या दारात जुनी गाडी उभी आहे आणि तिचा गंज काढून घ्यायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यासाठी हे लिहितेय. आमच्या १९७६ सालच्या प्रीमियर पद्मिनीच्या कामात दोन लाखांच्या वर पैसे गेले आणि गाडी होती त्याहून वाईट अवस्थेत परत आली. पैसे गेल्याचं वाईट वाटतंच. पण खालचा आधार पोकळ असलेल्या त्या गाडीत बसून घरातली माणसं महामार्गावर गेली होती, हे आठवलं की आजही जीव खालीवर होतो. गॅरेजचं नाव देत नाही, कारण प्रकरण ग्राहक आयोगाकडे चाललं आहे. फसवलं कसं, ते मात्र सगळं सांगते.

गाडी माझ्या सासऱ्यांची. अप्पा डॉक्टर. मालवणच्या आसपासच्या वाड्यांमध्ये रात्री-अपरात्री ते याच गाडीने पेशंट बघायला जात. ती विकायचा विषय आमच्या घरात कधी निघाला नाही. पण घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, त्यात कोकणचा पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात. हवेतलं मीठ पत्र्यावर बसतं आणि ओल धरून ठेवतं, त्यामुळे भर उन्हाळ्यातही सांध्यांच्या फटी पूर्ण सुकत नाहीत. त्यातून पद्मिनीला ट्रकसारखी वेगळी चासी, म्हणजे खालचा वेगळा सांगाडा, नाही. सगळा भार बॉडीच्या पत्र्यावरच असतो, आणि त्यातही दारांखालून पुढून मागे जाणाऱ्या पोकळ पट्ट्यावर, ज्याला सिल म्हणतात, जास्त. आमच्या गाडीचे दोन्ही सिल, चारही दारांचे तळ, पायांखालचा फ्लोअर आणि डिकीत स्टेपनी बसते तो भाग गंजला होता. ड्रायव्हरच्या पायाशी मॅट उचललं की खालचा रस्ता दिसायचा.

महामार्गालगतच्या एका गॅरेजची जुन्या गाड्यांसाठी ख्याती होती. दोन ओळखीच्यांनी तेच नाव सांगितलं. मालक बोलायला अतिशय गोड. गाडीभोवती फिरला, दारं उघडून-लावून बघितली, अप्पांच्या पाया पडला आणि मला म्हणाला, "वयनी, तुमी काय काळजी करू नकात. पत्रो नवो घालून देतंय, वीस वर्षां बघूक नको." अंदाजपत्रक त्याने हाताने लिहून दिलं: गंजलेला सगळा पत्रा कापून नवा घालणं, सीओटू (गॅस वापरून केलेलं) वेल्डिंग, प्रायमर म्हणजे रंगाआधीचा थर, अंडरकोटिंग म्हणजे गाडीच्या खालच्या बाजूचा संरक्षक लेप, आणि पूर्ण रंग मिळून एक लाख पंच्याऐंशी हजार. साठ हजार आगाऊ.

त्याच्या बोलण्यातल्या दोन गोष्टी मुद्दाम सांगते, कारण त्या ऐकायला अगदी खऱ्या वाटतात. ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी उतरल्या, हे खरं आहे. त्यावर त्याने रचलं असं, की भंगारात निघालेल्या त्या टॅक्सींचे अस्सल कंपनी पॅनेल त्याच्याकडे येतात. अहो, मुंबईच्या खाऱ्या हवेत वीस वर्षं दिवसरात्र पळालेल्या टॅक्सीचा सिल आमच्या सिलपेक्षा धड कसा असेल? शिवाय जुन्या गाडीचे सिल आणि फ्लोअर बहुतेक वेळा सपाट पत्रा वाकवून नव्याने घडवावे लागतात. दुसरी गोष्ट व्हिंटेज नोंदणीची. गाडीला पन्नास वर्षं पूर्ण झाली की 'व्हीए' मालिकेचा नंबर मीच आणून देतो, म्हणाला, आणि त्याचेही वरचे पैसे मागितले. २०२१ च्या केंद्रीय नियमांत ही सोय आहे. नव्या नोंदणीची फी वीस हजार रुपये आहे. पण त्याच नियमांप्रमाणे चासीत, बॉडीच्या सांगाड्यात किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला चालत नाही, आणि तसा नंबर घेतलेली गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, फक्त प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं अशा कामांसाठी. यातलं अक्षरही त्याने सांगितलं नाही.

काम सुरू झाल्यावर व्हॉट्सअॅपवर फोटो येऊ लागले. कापलेला सिल, आतला चकचकीत नवा पत्रा, वेल्डिंगच्या ठिणग्या. प्रत्येक फोटोपाठोपाठ पैशांची मागणी. उघडल्यावर आत जास्त गंज निघाला म्हणून चाळीस हजार वाढवले. गाडी बघायला यायचं म्हटलं की कारण तयार: आज वेल्डिंग चालू आहे, डोळ्यांना त्रास होईल, आज रंग मारलाय, धूळ बसेल. मग गणपती जवळ आले. मुंबईहून चाकरमानी येणार, गाडी दारात हवी, ही आमची घाई त्याला पक्की ठाऊक होती. चतुर्थीच्या तोंडावर, संध्याकाळच्या अंधारात गाडी आली. दुधी रंग असा लखलखत होता की अप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. उरलेले सगळे पैसे त्याने तिथेच मोजून घेतले. कापून काढलेला जुना पत्रा कुठे आहे, असं माझ्या नवऱ्याने विचारलं, तर म्हणाला, भंगारवाला घेऊन गेला.

पाऊस ओसरायच्या आत दारांच्या खालच्या कडेला रंग फुगला. बोटाने दाबलं की आत पाणी असल्यासारखं लिबलिबायचं. पुढे कसालजवळ पंक्चर झालं. पंक्चरवाल्याने सिलखाली जॅक लावला आणि दोन-तीन हिसके दिले, तर गाडी वर उचललीच नाही. जॅकचं डोकं सिलमध्ये घुसलं. आतून करड्या रंगाचे ढेकळांसारखे तुकडे पडले आणि त्यांच्यामागून गंजाचा भुगा.

आमच्या शेजारी एसटीच्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले एक काका राहतात. आयुष्यभर पत्र्याचं काम केलेला माणूस. त्यांनी गाडी अंगणात घेतली आणि आम्हाला समोर बसवून एकेक गोष्ट दाखवली. आधी कागदात गुंडाळलेलं साधं लोहचुंबक दारावर लावलं. वरच्या भागात ते चिकटलं, खाली सरकवत नेलं तसं हातातून सुटून पडलं. मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकलं. पत्रा असतो तिथे खणखणीत आवाज येतो, इथे भिंतीवर ठोकल्यासारखा बद्द. मग पॉलिश पेपर घेऊन एका कोपऱ्यातला रंग घासला. रंगाखाली प्रायमर, प्रायमरखाली पुट्टी, गॅरेजवाले जिला लांबी म्हणतात ती, बोटभर जाडीची. तिच्याखाली माश्या अडवायला खिडकीला लावतात तसली तारेची जाळी. जाळीच्या मागे वर्तमानपत्राचे बोळे, अजून वाचता येतील असे. आणि त्याच्या मागे आमचाच जुना गंज, जागच्या जागी.

"काकानू, ह्यात पत्रो खंय आसा? सगळी लांबीच भरल्यान," ते अप्पांना म्हणाले. अप्पा काहीच बोलले नाहीत.

सगळ्यात वाईट गोष्ट काकांनी शेवटी दाखवली. काच खाली घेतली की फटीतून पावसाचं पाणी दारात उतरतं. ते खाली निघून जावं म्हणून दाराच्या तळाला छोटी भोकं ठेवलेली असतात. सिललाही तशीच असतात. ती सगळी लांबीने आणि वरून काळ्या डांबरी लेपाने बुजवली होती. म्हणजे पाणी आत येत राहणार, बाहेर जायला वाट नाही. लांबी स्वतः ओल शोषते, तिच्यामागे गंज चालूच राहतो, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून तो वरचा थर ढकलून फुगवतो. दोन-चार वर्षं टिकली असती ती दारंसुद्धा या 'दुरुस्ती'ने एका पावसात संपवली.

मग फोनवरचे जुने फोटो मोठे करून बघितले. कापलेल्या सिलच्या फोटोत दाराच्या खांबाची कड खरवडलेली होती आणि तिथे खालचा थर गडद निळा दिसत होता. आमची गाडी जन्मापासून दुधी. दुसरा रंग तिला कधी लागलाच नाही. फोटो दुसऱ्याच कुणाच्या तरी गाडीचे होते.

जाब विचारला तेव्हा मालकाचा सूर बदलला. गाडीच पन्नास वर्षांची, त्यात समुद्राची हवा, गंज परत येणारच, म्हणाला. हे उत्तर कोकणात प्रत्येकाला पटतं, म्हणूनच ते धोक्याचं आहे. खारी हवा पत्रा खाते हे खरं. पण अठरा गेजचा, म्हणजे साधारण सव्वा मिलिमीटर जाडीचा नवा पत्रा नीट प्रायमर मारून बसवलेला असेल, तर तो चार महिन्यांत नाहीसा होत नाही. आणि नाहीसा झालाच, तर वेल्डिंगची रेघ मागे राहते. आमच्या सिलला आतून-बाहेरून कुठे वेल्डिंगचा एक टाकाही सापडला नाही.

खरं काम कसं असतं ते काकांनी सांगितलं आणि आता आमच्या डोळ्यांसमोर होतंय, म्हणून लिहिते. आधी बॅटरी सोडवतात, सीट, वायरिंग, कार्पेट आणि पेट्रोलची टाकी काढतात. जळक्या वस्तूंशेजारी वेल्डिंग करतो म्हणणाऱ्याकडे गाडी ठेवूच नये. सिल कापण्याआधी दारांच्या चौकटीत आडव्या-तिरप्या पट्ट्या तात्पुरत्या जोडतात, नाहीतर बॉडी मधोमध झुकते आणि पुढे दारं लागत नाहीत. एका वेळी एकच बाजू कापतात. गंजलेला भाग चांगला, चमकणारा पत्रा लागेपर्यंत कापतात. गंजावर पट्टी ठेवून जोडणं म्हणजे दोन पत्र्यांमध्ये पाण्याला घर करून देणं. सिलला अठरा गेज, दारांना आणि मडगार्डला त्याहून पातळ वीस गेजचा सीआरसी (थंड लाटलेला पोलादी) पत्रा. वेल्डिंग एका दमात ओढत नाहीत, थोडं इथे, थोडं तिथे असे टाके घेतात, म्हणजे उष्णतेने पत्रा वाकडा होत नाही. मग इपॉक्सी प्रायमर, सांध्यांना सीलर, आणि सगळं सुकल्यावर पोकळ जागांमध्ये मेणासारखं कॅव्हिटी वॅक्स फवारतात. पाण्याची भोकं शेवटी तार घालून मोकळी आहेत ना बघतात. लांबीही लागते, पण धड पत्र्यावरचे बारीक उंचसखल भाग भरण्यापुरती, दोन-तीन मिलिमीटर. भोक बुजवायला कधीच नाही.

म्हणून सांगते, गाडी उघड्या पत्र्यावर असताना, प्रायमरचाही हात लागायच्या आधी, स्वतः जाऊन बघायला मिळेल असं लेखी घ्या आणि मोठा हप्ता त्या दिवशीच द्या. बघू देत नसेल तर गाडी उचलून आणा. फोटो मागाल तर एकाच फोटोत नंबरप्लेट आणि चालू असलेलं काम दोन्ही दिसेल असा मागा, किंवा व्हिडिओ कॉल करा. कापलेला पत्रा तुमचा आहे, तो परत घ्या. आमच्याकडे जुना पत्रा परत आला नाही, कारण तो कधी कापलाच नव्हता. अंदाजपत्रकात 'बॉडी काम' असं मोघम न लिहिता कोणता भाग, कोणत्या गेजचा पत्रा, हे मांडून घ्या. रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र कुणाकडे मिळालं तर फारच उत्तम. कारखान्यातला रंग साधारण शंभर ते दीडशे मायक्रॉन (हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर) भरतो, पुन्हा रंगवलेल्या गाडीचा त्याच्या दुप्पट-तिप्पट. आकडा हजाराच्या वर गेला तर खाली लांबी आहे समजा. वापरलेली जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनी तर हे आधी करावं, कारण आमच्यासारखी गाडी दुसऱ्या दिवशी कुणालाही विकता आली असती आणि घेणाऱ्याला कळलं नसतं.

आमच्या तक्रारीचं सांगते. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली. गॅरेजकडून काही उत्तर आलं नाही. मग वकिलामार्फत नोटीस पाठवली. आता ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जिल्हा आयोगात तक्रार दाखल करतोय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, आणि गॅरेज दुसऱ्या जिल्ह्यात असलं तरी आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची असते, तेव्हा 'पुढच्या महिन्यात बघू, परत करून देतो' असल्या आश्वासनांवर वेळ घालवू नका. तक्रारीसोबत आम्ही हाताने लिहिलेलं अंदाजपत्रक, यूपीआयच्या नोंदी, व्हॉट्सअॅपचे सगळे मेसेज, सिल फुटला त्या जागेचे फोटो आणि काकांचं प्रतिज्ञापत्र जोडलंय. जाळी, कागदाचे बोळे आणि लांबीचे तुकडे पिशवीत घालून, वर तारीख लिहून ठेवलेत. पंक्चरवाल्यानेही साक्ष द्यायची तयारी दाखवली आहे.