जुना किरायेदार, लिव्ह-लायसन्स की बँक: किराया कुठं किती वाढतो?

तालुक्याच्या गावी मेनरोडवर बापजाद्यांचं दुकान, जुना किरायेदार महिन्याला दोन हजार देतो, अन् शेजारचा गाळा सहा हजारानं गेला. मालकाच्या पोटात दुखणारच. पण शेजाऱ्याचा भाव दाखवून तिप्पट मागता येत नाही, निदान महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ जिथं लागू आहे तिथं तरी नाही. कायद्याच्या अनुसूचीतली शहरं अन् पूर्वी सी.पी. अँड बेरारचा (जुना मध्य प्रांत-वऱ्हाड) १९४९ चा भाडे नियंत्रण आदेश लागू असलेले भाग त्यात येतात. त्याबाहेरच्या खेड्यात १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा चालतो. किराया दोघांत ठरेल तो. म्हणून आपलं गाव कुठं बसतं, ते वकिलाला आधी विचारा.

जुना किरायेदार ठेवला तर वर्षाला ४ टक्के वाढ हक्काची. दोन हजारावर ऐंशी रुपये, म्हणजे चहापाण्याचे. त्यावर जायचं तर कलम ११ मधली सुधारणांची वाट आहे, अन् ती फार कमी मालकांना ठाऊक असते. समजा टिनं काढून स्लॅब टाकला, खर्च १,२०,०००. त्याच्या जास्तीत जास्त १५ टक्के, म्हणजे वर्षाला १८,०००, महिन्याला १,५०० किराया वाढू शकतो. अट एकच, पण जड: ७० टक्के किरायेदारांची लेखी संमती. किरायेदार एकटाच असेल तर त्याचीच सही, तीही काम सुरू करण्याआधी घेतलेली बरी. फुटकं टिन बदलणं मात्र मालकाचं नेहमीचं काम, त्याची वाढ मागू नका. नगर परिषदेनं कर वाढवला तर वाढलेल्या करापुरती वसुली वेगळी करता येते.

दुकान रिकामं असेल तर लिव्ह-लायसन्स, म्हणजे जागा ठराविक मुदतीसाठी नुसती वापरायला देण्याचा करार, बरं. रक्कम अन् दरवर्षीची वाढ करारात आपण ठरवतो. फक्त नोटरीवर भागवू नका. कलम ५५ प्रमाणे करार लेखी अन् नोंदणीकृत लागतो, ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसली तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबद्दल किरायेदार म्हणेल तेच खरं धरलं जातं. अन् मुदत संपल्यावर झटपट ताबा देणारं कलम २४ राहण्याच्या जागेसाठी आहे, दुकानासाठी नाही.

शेड्यूल्ड बँक (रिझर्व्ह बँकेच्या अनुसूचीतली) आली तर कलम ३ प्रमाणे हा कायदाच लागू होत नाही, ४ टक्क्यांचा प्रश्न मिटला. एक कोटी किंवा जास्त भरणा भांडवलाच्या (भागधारकांनी प्रत्यक्ष भरलेल्या) कंपनीचंही तेच. गावातली पतसंस्था यात बसत नाही, पाटी कितीही मोठी असो.

माझं मत विचाराल तर किराया वेळेवर देणाऱ्या जुन्या माणसाला काढायला कोर्टात जाण्यापेक्षा त्याच्याशी स्लॅबचं बोलावं. पावसात त्याचाही माल भिजतोच.