वायरलेस माइकचा पल्ला: व्हीएचएफ, यूएचएफ की २.४ गिगाहर्ट्झ?

नाशिकमध्ये गंगापूर रोडवरचे मंगल कार्यालय, महाकवी कालिदास कलामंदिर आणि गोदाघाटावरचे उघडे व्यासपीठ या तिन्ही ठिकाणी एकच वायरलेस माइक वापरायचा असेल, तर खोक्यावर छापलेल्या ‘शंभर मीटर’वर विसंबून संच घेऊ नये. तो आकडा मोकळ्या मैदानात, माइक आणि रिसीव्हर यांच्यामध्ये काहीही आडवे नसतानाचा असतो. मध्ये माणसे आणि भिंती आल्यावर त्यातला किती उरेल, हे बऱ्याच अंशी संच कोणत्या फ्रिक्वेन्सी पट्ट्यात चालतो यावर ठरते.

सर्वांत स्वस्त संच बहुधा व्हीएचएफ पट्ट्यातले, म्हणजे साधारण १७४ ते २१६ मेगाहर्ट्झचे असतात. त्यांची तरंगलांबी दीड मीटरच्या आसपास असल्यामुळे लहरी माणसांना वळसा घालून सहज पुढे जातात आणि कागदावर त्यांचा पल्ला उत्तम दिसतो. मात्र या तरंगलांबीला पाव लांबीचा अँटेनासुद्धा सुमारे ३७ सेंटिमीटरचा लागतो. तो हातातल्या माइकच्या दांड्यात मावत नाही आणि आखूड अँटेनामुळे शक्ती वाया जाते. त्यात एलईडी पडदे आणि हलक्या प्रतीचे पॉवर सप्लाय यांचा विद्युत गोंगाट या पट्ट्यात अधिक शिरतो. एकाच ठिकाणी एक-दोन माइक लागणाऱ्या मंदिराला किंवा शाळेला हा संच पुरतो. भाड्याने साउंड देणाऱ्याने तो घेऊ नये.

खरी निवड यूएचएफ (माइकसाठी साधारण ४७० ते ८०० मेगाहर्ट्झ) आणि २.४ गिगाहर्ट्झ यांच्यात आहे. प्रेषणशक्ती आणि अँटेनाची क्षमता सारखी धरली, तर ६०० मेगाहर्ट्झच्या तुलनेत २.४ गिगाहर्ट्झवर मोकळ्या जागेतही रिसीव्हरपर्यंत सुमारे १२ डेसिबल कमी, म्हणजे सोळावा हिस्साच सिग्नल पोहोचतो. गर्दीत फरक आणखी वाढतो, कारण साडेबारा सेंटिमीटरची ही लहर पाणी भरलेल्या मानवी शरीरात बरीच शोषली जाते. कमरेला ट्रान्समीटर लावलेल्या कीर्तनकारांनी टाळकऱ्यांकडे तोंड करण्यासाठी वळावे आणि आवाज तुटावा, हा प्रकार त्यातूनच घडतो. डिजिटल संचात आधी खरखर होऊन पूर्वसूचनाही मिळत नाही. शिवाय वायफाय आणि ब्लूटूथ याच पट्ट्यात असल्याने, दुपारी रिकाम्या सभागृहात निर्दोष चाललेला माइक संध्याकाळी प्रेक्षकांचे मोबाइल आत आल्यावर अडखळू लागतो. परवान्याची कटकट नाही आणि जोडणी सोपी आहे, म्हणून वर्गखोली, छोटी बैठक किंवा कॅमेऱ्यासमोरची मुलाखत यांसाठी २.४ चांगलाच, सिंहस्थासारख्या गर्दीत मात्र तो मुख्य माइक म्हणून वापरू नये.

यूएचएफ घेताना नुसते ‘यूएचएफ’ हे अक्षर पाहून भागत नाही. ७०३ ते ७४८ मेगाहर्ट्झमध्ये मोबाइल फोन टॉवरकडे सिग्नल पाठवतात आणि ७५८ ते ८०३ मध्ये टॉवर उत्तर देतात. २०२२ च्या लिलावानंतर हा पट्टा ५जी साठी वापरात आला आहे. या भागात चालणारा जुना संच स्वस्तात मिळत असला, तरी समोरच्या रांगेतला फोनच त्याचा पल्ला कापतो. म्हणून ४७० ते ६९८ च्या आत चालणारा, फ्रिक्वेन्सी बदलता येणारा आणि दोन अँटेनांचा खरा डायव्हर्सिटी रिसीव्हर (दोन्हींपैकी चांगला सिग्नल सतत निवडणारा) असलेला संच मी सुचवीन. माइक चार-पाच झाले, तर प्रत्येकाची फ्रिक्वेन्सी उत्पादकाने दिलेल्या तक्त्यातूनच निवडावी; समान अंतरावर मनाने ठेवलेल्या फ्रिक्वेन्सींच्या मिश्रणातून उपजणारे सिग्नल नेमके शेजारच्या माइकवर पडतात आणि पल्ला कमी झाल्यासारखे वाटते.

बजेट २.४ गिगाहर्ट्झच्या संचापुढे जात नसेल, तर रिसीव्हर मागच्या मिक्सरपाशी न ठेवता व्यासपीठाच्या कडेला, डोक्यांच्या वर स्टँडवर ठेवावा आणि तिथून मिक्सरपर्यंत साधी ऑडिओ केबल ओढावी. अँटेनाची केबल लांबवण्याच्या फंदात पडू नये, कारण तिच्यातली घट २.४ गिगाहर्ट्झवर यूएचएफपेक्षा जास्त असते.