दादरचा त्वचेचा दवाखाना: इथे झोपेचीही चौकशी होते

सोरायसिस, म्हणजे त्वचेवर खपल्यांचे चट्टे उठण्याचा आजार असलेल्यांनी हा दवाखाना जरूर गाठावा. दादर पश्चिमेला, स्टेशनपासून चालत. पहिला मजला आहे, लिफ्ट नाही.

मी बँकेत आहे. मार्च एंडिंग आलं की माझे कोपरांवरचे आणि डोक्यातले चट्टे हमखास उसळतात. आधीच्या डॉक्टरांना हे सांगितलं, तर ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणाले आणि मलम बदलून दिलं. इथल्या मॅडमनी मात्र चट्टे कधी वाढले, त्याच्या आधी झोप कशी होती, घरात काही घडलं होतं का, असं एकेक करून विचारलं. सासूबाईंच्या आजारपणाचा संबंध तेव्हा माझ्या लक्षात आला.

त्यांनी सगळं नीट उलगडून सांगितलं. त्वचेच्या पेशी एरवी साधारण महिन्याभराने गळतात. सोरायसिसमध्ये प्रतिकारशक्ती बिघडल्यामुळे त्या काही दिवसांतच वर येतात, म्हणून खपल्या धरतात. ताण वाढला की शरीरातली संप्रेरकं बदलतात, त्वचेतल्या मज्जातंतूंच्या टोकांतून रसायनं सुटतात आणि दाह भडकतो. खाजेने झोप उडते, झोप उडाली की ताण आणखी वाढतो. शिवाय खाजवून जखम झाली तर तिथेही नवा चट्टा उठू शकतो. ‘हे तुमच्या मनाचे खेळ नाहीत,’ असं त्या म्हणाल्या आणि मला रडूच आलं. इतक्या वर्षांत हे कुणी म्हटलं नव्हतं.

मग दहा प्रश्नांचा एक कागद भरून घेतला. ही प्रश्नावली 1994 साली ब्रिटनमधल्या कार्डिफच्या डॉक्टरांनी आणली. गेल्या आठवड्यात त्वचेमुळे लाज वाटली का, कपडे निवडताना विचार करावा लागला का, असे प्रश्न. मी उन्हाळ्यातही लोकलमध्ये लांब बाह्या घालते, त्यामुळे तिथे लगेच खूण केली. 30 पैकी 10 च्या वर गेलं की आजाराचा जगण्यावर फार मोठा परिणाम होतोय असं धरतात. माझे 17 आले. त्यावरून त्यांनी समुपदेशकाकडे पाठवलं, पण औषधं आणि प्रकाशोपचार (चट्ट्यांवर अतिनील किरण सोडतात तो) तसेच चालू ठेवले. मला हे फार पटलं. प्रकाशोपचाराच्या वेळी कानात ध्यानाचं रेकॉर्डिंग लावतात. अमेरिकेत 1998 मध्ये 37 रुग्णांवर तसा अभ्यास झाला होता, आणि रेकॉर्डिंग ऐकणाऱ्यांचे चट्टे लवकर गेले होते. अभ्यास लहान आहे, हेही मॅडमनी स्वतःच सांगितलं.

समुपदेशक फक्त बुधवारी संध्याकाळी असतात, नोकरी करणाऱ्यांना ते जमवणं कठीण जातं. रिसेप्शनवर सगळ्यांसमोर मोठ्याने आजाराचं नाव विचारतात, ते ताबडतोब थांबवावं. मॅडमच्या कानावर मी घातलंय.

माझे डोक्यातले चट्टे बरेच उतरलेत, कोपर अजून बाकी आहेत. जाताना घरातली सगळी जुनी मलमं घेऊन जा. मॅडम प्रत्येक ट्यूब वाचून बघतात आणि स्टेरॉइडची कुठली, किती दिवस लावायची ते लिहून देतात.