'बी हिअर नाऊ'ची तीन सीडींची आवृत्ती : सात महिन्यांनंतर

ज्या अल्बमवरचा मुख्य आक्षेपच लांबीचा आहे, त्याला आणखी दोन सीडी जोडून काय साधणार, अशी शंका मनात ठेवूनच ओएसिस या ब्रिटिश रॉक बँडच्या 'बी हिअर नाऊ'ची २०१६ साली निघालेली विस्तारित आवृत्ती मी सात महिन्यांपूर्वी घेतली. शंका पहिल्या सीडीपुरती खरी ठरली, तिसऱ्या सीडीने मात्र ती पुष्कळ अंशी खोडून काढली.

२१ ऑगस्ट १९९७ रोजी आलेल्या या अल्बमच्या ब्रिटनमध्ये एका दिवसात चार लाखांहून अधिक प्रती खपल्या होत्या. पुढे मात्र गाण्यांचा कर्ता नोएल गॅलाघर स्वतःच त्याला नावे ठेवू लागला आणि २००६ च्या 'स्टॉप द क्लॉक्स' या निवडक गाण्यांच्या संग्रहात यातले एकही गाणे आले नाही.

पहिल्या सीडीवर मूळ अल्बमच नव्याने मास्टर केलेला, म्हणजे तयार मिश्रणावर अखेरचा ध्वनिसंस्कार पुन्हा केलेला, आहे. चांगल्या हेडफोनवर बास थोडा सुटा ऐकू येतो, पण एकावर एक चढवलेल्या गिटारींची भिंत जागच्या जागी आहे, कारण मिश्रणातच जे दाटीवाटीने बसले आहे ते मास्टरिंगने मोकळे होत नाही. नऊ मिनिटांच्या 'ऑल अराउंड द वर्ल्ड'मध्ये स्वर वर सरकत राहतो, वाद्यवृंद येतो आणि तरीही गाणे पुढे गेल्यासारखे वाटत नाही. विलंबित ख्याल तासभर ऐकण्याची सवय असलेल्या कानाला लांबीचे भय नसते; त्याला बढत हवी असते, आणि इथे आहे ती पुनरावृत्ती. सात महिन्यांत ही सीडी मी अथपासून इतिपर्यंत दोनदाच ऐकली.

संपूर्ण अल्बमची नव्याने काटछाट करण्याचा बेत होता, परंतु पहिल्याच गाण्यानंतर कंटाळा येऊन तो सोडून देण्यात आला. त्या बेतातून उरलेले 'डू यू नो व्हॉट आय मीन'चे नवे रूप दुसऱ्या सीडीवर आहे. त्यात नोएलचा भाऊ आणि बँडचा गायक लिअम याचा आवाज अखेर मोकळा श्वास घेतो, आणि म्हणूनच उरलेल्या गाण्यांबद्दल हळहळ अधिक वाटते. याच सीडीवर एकेरी रेकॉर्डांच्या मागच्या बाजूची गाणी आहेत. त्यांतली 'स्टे यंग' आणि 'गोइंग नोव्हेअर' ही 'द मास्टरप्लॅन' या अशाच गाण्यांच्या संग्रहामुळे बँडच्या बहुतेक चाहत्यांना ठाऊक असतील. 'स्टे यंग' मूळ अल्बमात का नव्हते, हे कोडे मला अजून सुटलेले नाही.

खरा ऐवज तिसऱ्या सीडीत आहे. १९९६ मध्ये कॅरिबियनमधील मस्टीक बेटावर नोएल आणि ध्वनिमुद्रक ओवेन मॉरिस यांनी केलेले हे चौदा कच्चे नमुने आहेत. ढोलाच्या जागी यंत्र, गिटारी मोजक्या, गायला स्वतः नोएल. शीर्षकगीताचे नाव तेव्हा 'ट्रिप इनसाइड' असे होते. लिअमच्या आवाजाची धार इथे नाही, हे मान्य करायला हवे, आणि पहिल्या आठवड्यात त्या यंत्राच्या टकटकीचा मला कंटाळाही आला होता. पण महिनाभराने याच मुद्रणांतून 'डोन्ट गो अवे' आणि 'द गर्ल इन द डर्टी शर्ट' यांच्या चाली प्रथमच नीट कानी पडल्या. चालींत उणे नव्हते. स्टुडिओत त्यांच्यावर ओझे फार लादले गेले होते. तेच 'डोन्ट गो अवे' अल्बमात ऐकताना आता माझे कान थरांखाली त्या मस्टीकच्या गाण्याचा माग काढत राहतात.

मूळ अल्बम संग्रही असेल आणि केवळ नव्या मास्टरिंगसाठी हा संच घ्यावा असे वाटत असेल, तर तेवढ्यासाठी खर्च करू नये. माझ्या डब्यातल्या पहिल्या खाचेत आता तिसरी सीडी असते. मूळ अल्बम सर्वांत शेवटी, 'स्टे यंग'च्याही मागे गेला आहे.