पी-बेस आणि फ्लॅटवाउंड तारा: गणपतीपासून चैत्रातल्या जत्रांपर्यंतच्या वापरानंतर

वाद्य अगदी साधं आहे. फेंडर कंपनीच्या १९६० च्या दशकातल्या प्रिसिजन बेस गिटारच्या (थोडक्यात पी-बेसच्या) धर्तीवर आशियातल्या कारखान्यात बनलेला, चार तारांचा, ३४ इंच स्केलचा (तारेची वाजणारी लांबी), बॅटरी नसलेला, म्हणजे पॅसिव्ह बेस. एक स्प्लिट-कॉइल पिकअप (तारेचं कंपन विजेत बदलणारं, दोन तुकड्यांतलं चुंबकी वेटोळं), एक व्हॉल्यूम, एक टोन. त्यावर ४५ ते १०५ गेजच्या (जाडी इंचाच्या हजाराव्या भागात) स्टेनलेस फ्लॅटवाउंड, म्हणजे वरून सपाट पट्टी गुंडाळलेल्या तारा. गणपतीच्या हंगामापासून चैत्रातल्या जत्रा उरकेपर्यंत सांगली, मिरज, तासगाव, विटा या पट्ट्यात ऑर्केस्ट्रा, भक्तिगीतं आणि लग्नाच्या आदल्या रात्रीचे कार्यक्रम या सगळ्याला हाच वाजला. कंपनीचं नाव लिहीत नाही. या धाटणीचे बेस बऱ्याच कंपन्या बनवतात आणि खालचं जवळपास सगळं त्या सर्वांना लागू पडतं.

मत आधीच सांगून टाकतो. आपल्याकडच्या स्टेजसाठी बेसवर पैसे घालायचे असतील तर क्रम असा: तारा, सेटअप (नेक, तारांची उंची आणि सूर यांची जुळवणी), चांगला डीआय बॉक्स (बेसचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी डबी), आणि शेवटी बेस. लोक नेमकं उलट करतात. पाच तारांचा, ॲक्टिव्ह प्रीॲम्पचा महाग बेस घेतात, त्यावर कारखान्यातून आलेल्या तारा वर्षभर तशाच ठेवतात आणि मग साउंडवाल्याच्या नावाने बोटं मोडतात.

फ्लॅटवाउंड इथे का चालतात याचं कारण ढोलकी आणि तबला. ढोलकीची डावी पुडी आणि डग्गा जिथे घुमतात, बेसचा खालचा पट्टाही तिथेच असतो. राउंडवाउंड, म्हणजे वरून गोल तार गुंडाळलेल्या साध्या तारेचा स्वर लांबतो, तिची झळाळी वर की-बोर्ड आणि झांजेत मिसळते आणि खाली डग्ग्याची घिस्सी दबून जाते. फ्लॅटवाउंडचा स्वर ठसठशीत सुरू होतो आणि लवकर बसतो, त्यामुळे दोन मात्रांच्या मधली जागा डग्ग्याला मोकळी राहते. शिवाय बोटं सरकताना तारेचा किरकिराट होत नाही आणि फ्रेट (नेकवरचे धातूचे पडदे) कमी झिजतात. यात नवीन काही नाही. अमेरिकन बेसवादक जेम्स जेमरसन यांचा १९६२ चा प्रिसिजन, त्यावरच्या जाड फ्लॅटवाउंड तारा आणि ब्रिजच्या (तारा जिथे अडकतात त्या घोडीच्या) झाकणाखालचा फोम हा मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या रेकॉर्डिंगमधला ओळखीचा आवाज आहे. बेसवादक कॅरोल के पिकने (हातातल्या छोट्या पट्टीने) वाजवत आणि ब्रिजजवळ तारांवर फेल्टचा तुकडा लावत. हेतू तोच, स्वराची शेपटी कापायची.

फोमचा प्रयोग फुकटात होतो. गादीच्या दुकानातला घट्ट फोम घ्यावा. ८ सेंमी लांब, २ सेंमी रुंद, आणि जाडी तारेखालच्या फटीपेक्षा २-३ मिमी जास्त. तो ब्रिजच्या अगदी पुढे तारांखाली सरकवायचा. त्याहून जाड घेतला तर स्वर बोदा होतो आणि इंटोनेशन, म्हणजे वरच्या फ्रेटवरचा सुरेलपणा, तोही हलतो. लावणी आणि जुन्या चित्रपटगीतांना फोम लावून, भावगीतांना काढून, असा वापर सोयीचा पडतो.

तारा चढवताना मात्र घाई नको, कारण फ्लॅटवाउंड साध्या तारांच्या दुप्पट-तिप्पट किमतीला पडतात आणि चुकीची कापलेली तार परत जुळत नाही. एका वेळी एकच तार बदलावी, म्हणजे नेकवरचा ताण एकदम उतरत नाही. चारही तारांचा मिळून ताण ८० किलोच्या आसपास असतो. तार ब्रिजमधून ओढून खुंटीपर्यंत सरळ धरायची, खुंटीच्या पुढे साधारण १० सेंमी मोजायचे, तिथे आधी काटकोनात वाकवायची आणि वाकवलेल्या जागेच्या पुढे २ सेंमीवर कापायची. न वाकवता कापली तर वरची सपाट पट्टी गाभ्यावरून सैल होते आणि मग ती तार कधीच स्वच्छ बोलत नाही. टोक खुंटीच्या मधल्या भोकात घालून दोन ते अडीच वेढे वरून खाली उतरत गेले पाहिजेत. तारेच्या टोकाची रेशमी गुंडाळी नटवर (नेकच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीवर) येता कामा नये. आली तर त्या स्केलला ती तार आखूड आहे, परत करावी.

फ्लॅटवाउंडचा ताण बहुतेक वेळा जास्त असल्याने तारा बदलल्यावर नेक थोडा पुढे वाकतो. म्हणून तारा लावून सूर मिळवायचा, रात्रभर ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी मोजायचं. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा), शेवटच्या फ्रेटवर सगळ्यात जाड ई तार दाबलेली, आणि ८ व्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यात ०.३५ मिमी फट. हाच रिलीफ. त्यासाठी मोटारसायकलच्या स्पेअर पार्टच्या दुकानातला फीलर गेज चालतो. फट जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली सळई) घट्ट, कमी असेल तर सैल, आणि एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त नाही. मग तारांची उंची. १७ व्या फ्रेटवर ई तारेखाली २.४ मिमी आणि सगळ्यात बारीक जीखाली २ मिमी ही ९.५ इंच रेडियसच्या (फ्रेटबोर्डच्या बाकाच्या) नेकसाठी फेंडरने दिलेली मापं आहेत आणि ती बरोबर बसतात. याहून खाली नेली की जोरात वाजवताना तार फ्रेटला आपटते. तासगावच्या मैदानावर कुणी हळुवार वाजवत नाही.

इंटोनेशन शेवटी. १२ व्या फ्रेटवर दाबलेला स्वर त्याच जागच्या हार्मोनिकपेक्षा (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेल्या स्वरापेक्षा) चढा असेल तर सॅडल (ब्रिजवरचा तारेचा टेकू) मागे, उतरा असेल तर पुढे. पिकअपची उंची शेवटचा फ्रेट दाबून मोजावी. ईच्या बाजूला २.८, जीच्या बाजूला २ मिमी. आवाज वाढावा म्हणून पिकअप वर घेतला तर चुंबक तारेला ओढतो आणि वरच्या फ्रेटवर सूर डळमळतो. आवाज मिक्सरवर वाढवावा.

कारखान्याच्या प्लॅस्टिक नटऐवजी हाडाचा नट बसवणं हा या वाद्यातला सगळ्यात समाधानाचा खर्च ठरला. सांगली जिल्ह्यात राहण्याचा फायदा इथे कळतो. मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण बेसवाल्याच्या कामाची गोष्ट वेगळीच आहे: घोडी घासणाऱ्या कारागिराचा हात केसाएवढा थर काढण्यात बसलेला असतो. फक्त त्याला स्पष्ट सांगावं लागतं की इथे जवारी (तानपुऱ्याची ती झणझण) नको. खाचेला खुंटीच्या दिशेने उतार हवा आणि तार फ्रेटबोर्डकडच्या कडेवरच टेकली पाहिजे. खाच सपाट राहिली तर मोकळी तार तानपुऱ्यासारखी झणझणते. कारागिराच्या दृष्टीने ते उत्तम काम असतं, बेसच्या दृष्टीने बिघाड. फ्रेट घासायचं काम मात्र तिथे देऊ नये. सतारीचे पडदे बांधलेले असतात, बेसचे लाकडात ठोकलेले, आणि एकसारखी पातळी काढायची पद्धत पूर्ण वेगळी.

आता गायकांच्या पट्ट्या, हार्मोनियमवर मोजतात त्या. चार तारांचा बेस खाली पांढरी तीनपर्यंत जातो. पुरुष गायक काळी एकला असेल तर ए तारेचा ४ था फ्रेट, बाई काळी चार किंवा पाचला असतील तर ई तारेचा ४ था किंवा ६ वा. दोन्ही आरामात. अडचण येते पांढरी दोन आणि काळी दोनला, कारण खालचा षड्ज तारेवर नसतोच. काळी दोनला ए तारेचा ६ वा फ्रेट धरून निभावतं, किंवा ई तार अर्धा सूर उतरवायची. फ्लॅटवाउंडला मुळात ताण जास्त, त्यामुळे पांढरी दोनपर्यंत उतरवली तरी तार लोंबत नाही. ट्यूनिंगच्या खुंटीवर बसणारा डी-ट्यूनर मिळतो, खटका दाबला की तार ठरलेल्या सुरावर येते. दोन गाण्यांच्या मध्ये निवेदक बोलत असताना हे काम होतं. या कारणासाठी पाच तारांचा बेस घेणाऱ्यांना एवढंच सांगेन की खालची बी तार ३१ हर्ट्झला बोलते आणि जत्रेतल्या बहुतेक सबमधून (खालच्या सुरांच्या मोठ्या पेटीतून) तो स्वर नीट निघतच नाही. ई तारेचे ४१ हर्ट्झसुद्धा लोकांना मुख्यतः दुप्पट वारंवारितेच्या, ८२ हर्ट्झच्या अंशामुळे ऐकू येतात.

मिक्सरवर साउंडवाल्याला तीन गोष्टी सांगितल्या की पुरतात. ४० हर्ट्झखाली हाय-पास (त्याखालचं सगळं कापणारा फिल्टर), २०० ते २५० च्या आसपास थोडं कमी, ७०० ते ८०० ला थोडं जास्त. शेवटची गोष्ट ऐकून तो चमकतो, पण फ्लॅटवाउंडचा स्वर लहान पेट्यांतून ओळखू येतो तो तिथेच. बेसवरचा टोन नॉब पूर्ण उघडा ठेवावा. या तारांवर तो अर्धा बंद केला की सबवर नुसता गाळ उरतो.

पॅसिव्ह बेस असल्याने केबल ५-६ मीटरहून लांब नको आणि डीआय बॉक्स ॲक्टिव्ह हवा, ज्याचा इनपुट इम्पीडन्स १ मेगाओमच्या घरात असेल. स्वस्त पॅसिव्ह डीआय पिकअपवर भार टाकतो आणि आवाजाची धार जाते. ॲक्टिव्ह डीआयला मिक्सरकडून ४८ व्होल्ट फँटम (माइकच्या केबलमधूनच येणारा वीजपुरवठा) लागतो. कार्यक्रमाआधी विचारून घ्यावं, नाहीतर आत बॅटरी ठेवावी.

या पट्ट्यात खरी डोकेदुखी अर्थिंगची. स्प्लिट-कॉइल पिकअप स्वतःची घरघर स्वतःच मारतो, त्यामुळे तरीही हम येत असेल तर दोष बहुधा बाहेर आहे. डीआयवरचं ग्राउंड लिफ्ट बटण दाबून पाहावं. प्लगची अर्थ पिन काढून टाकण्याचा जो सर्रास प्रकार चालतो तो कधीच करू नये. बेसच्या तारा ब्रिजमधून ॲम्पच्या अर्थला जोडलेल्या असतात. ॲम्पची अर्थ तुटलेली असली, किंवा ॲम्प एका बोर्डवर आणि मिक्सर दुसऱ्या फेजवर अशा जोडणीत दोष असला, की एक हात तारेवर आणि ओठ माइकला लागताच झटका बसतो. जनरेटरवर अर्थ नावापुरतीच असते. मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज पाहावा. तो दोन-तीन व्होल्टच्या वर दिसला की वायरमनला बोलवायचं. ॲम्प मिक्सरच्याच बोर्डवरून घ्यावा आणि त्या बोर्डला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) आहे का ते बघावं.

हवामानाचं. फ्रेटबोर्ड इंडियन लॉरेलचा आहे, म्हणजे आपला ऐन, जो पश्चिम घाटात पायलीला पन्नास दिसतो. २०१७ मध्ये शिसवीच्या सगळ्या जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आल्यानंतर बऱ्याच कंपन्या याकडे वळल्या. तयार वाद्यांना २०१९ मध्ये सूट मिळाली तरी स्वस्त मालिकांत ऐन राहिला. लाकूड ठीक आहे, फक्त कोरडं. मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत फ्रेटबोर्ड आकसतो आणि फ्रेटची टोकं कडेला हाताला लागतात. लाकडावर मास्किंग टेप लावून बारीक कानशीने टोकं मोडावी. लिंबाच्या वासाचं फ्रेटबोर्ड तेल दोन-चार थेंब पुरे. खोबरेल किंवा शेंगदाण्याचं तेल नको, ते चिकटतं आणि खवट होतं. पावसाळ्यात साताऱ्याच्या पश्चिमेकडे, महाबळेश्वर-पाचगणीच्या कार्यक्रमांना नेणाऱ्यांनी रिलीफ दोनदा तपासावा. नेक कुठल्या दिशेला जाईल हे त्या-त्या लाकडावर आहे, अंदाजाने ट्रस रॉड फिरवू नये.

गुलाल आणि भंडारा यांचा बंदोबस्त वेगळाच. ही बारीक पूड नॉबच्या फटीतून पॉटमध्ये (नॉबखालच्या फिरत्या रेझिस्टरमध्ये) जाते आणि व्हॉल्यूम फिरवला की खरखर येते. पॉटसाठीचा काँटॅक्ट क्लीनर आत एकदा मारून नॉब वीस-तीस वेळा पूर्ण फिरवला की बहुतेकदा साफ होतं. गंज काढायचा साधा स्प्रे इथे नको. जॅक सैल झाला तर प्लेट उघडून आतून धरूनच नट आवळावा, नाहीतर जॅक फिरतो आणि वायर तुटते. सॅडलचे बारीक स्क्रू, ज्यांना बहुतेक आयात मालात १.५ मिमी ॲलन की लागते, सबच्या थरथरीने सैल होतात. सेटअप पक्का झाल्यावर नेलपॉलिशचा थेंब. खांद्याच्या पट्ट्याचा स्क्रू ढिला झाला तर भोकात फेव्हिकॉल लावलेली आगकाडी ठोकून परत घट्ट.

न आवडलेलं. जी तारेवर ५ व्या ते ७ व्या फ्रेटदरम्यान स्वर लवकर मरतो. या बांधणीच्या बेसमध्ये हा डेड स्पॉट नेहमीचाच आहे, कारण तिथे नेकच तारेची ऊर्जा खातो. तोच स्वर डी तारेवर १० ते १२ व्या फ्रेटला घ्यावा. स्लॅपला फ्लॅटवाउंड निरुपयोगी आहेत. नव्या हिंदी गाण्यांचा भरणा असेल तर राउंडवाउंडच घ्या.

कुणी पुण्या-मुंबईकडून जुना अस्सल फेंडर म्हणून काही दाखवलं तर पिकगार्ड (पुढचं प्लॅस्टिकचं झाकण) उघडून पॉटवरचा आकडा वाचावा. पहिले तीन अंक पॉट बनवणाऱ्या कंपनीचे. १३७ म्हणजे सीटीएस, ३०४ म्हणजे स्टॅकपोल. पुढच्या अंकांत वर्ष आणि आठवडा असतो. ३०४-६१३२ म्हणजे १९६१ चा ३२ वा आठवडा. वाद्य त्याआधीचं असू शकत नाही, नंतरचं असू शकतं. १९६५ मध्ये फेंडर सीबीएस या अमेरिकन कंपनीकडे गेली आणि त्याआधीच्या वाद्यांची किंमत वेगळ्याच जगातली असते, म्हणून नकलाही त्याच काळाच्या जास्त. जुन्या देशी बेसमध्ये ट्रस रॉड आहे का हे आधी बघा, नसेल तर फ्लॅटवाउंडचा ताण त्याला देऊ नका. आणि विकणारा पिकगार्डचे स्क्रू काढू द्यायला तयार नसेल तर चहा घेऊन परत यावं.