मातीतल्या जिवाणूंसाठी पोअर प्लेट की स्प्रेड प्लेट?

रावेर-यावलकडच्या केळीच्या मुळांजवळची माती आणून त्यातले स्फुरद विरघळवणारे जिवाणू शोधायचे, असा प्रोजेक्ट घेतला की पहिल्याच आठवड्यात हा प्रश्न समोर येतो. पोअर म्हणजे नमुना वितळलेल्या अगारमध्ये (जिवाणू वाढवायच्या जेलीसारख्या माध्यमात) मिसळून प्लेटमध्ये थिजवायचा; स्प्रेड म्हणजे आधीच थिजलेल्या अगारवर तो पसरवायचा. सुरुवात दोन्हीकडे सारखीच: १० ग्रॅम माती ९० मिली निर्जंतुक सलाइनमध्ये, १५-२० मिनिटं शेकरवर, मग दहा-दहापटीने डायल्यूशन, म्हणजे पातळ करत जाणं. आपली काळी माती चिकट. ढेकळं नीट फुटली नाहीत तर एकाच डायल्यूशनच्या तीन प्लेटांचे आकडे जुळत नाहीत, आणि दोष उगाच पद्धतीला लागतो.

पोअरमध्ये १ मिली नमुना जातो, त्यामुळे जिवाणू कमी असले तरी हाती लागतात. विहिरीच्या पाण्याचा काउंट असेल तर मीही पोअरच करेन. सांभाळायचं ते अगारचं तापमान. वॉटर बाथ ४५ अंशांवर हवा. अगार फार गरम राहिला तर नाजूक जिवाणू मरतात, ४० च्या खाली उतरला तर गाठी. डिसेंबरच्या सकाळी काचेची गार प्लेट घेतली तर फिरवायच्या आत कडेला थिजतो. आणि ओतण्याआधी फ्लास्क बाहेरून पुसा, नाहीतर बाथचं पाणी टपकून प्लेटमध्ये जातं.

स्प्रेडलाही कष्ट आहेतच. प्लेटा आदल्या दिवशी ओतून, उलट्या ठेवून कोरड्या करायच्या. पृष्ठभाग ओला राहिला तर मातीतले पसरणारे बॅसिलस जिवाणू रातोरात सगळी प्लेट व्यापतात. स्प्रेडर (नमुना पसरवायची वाकडी कांडी) अल्कोहोलमध्ये बुडवून ज्योतीवरून न्यायचा, अल्कोहोलचं बीकर बर्नरपासून लांब, आणि मे महिन्यातही पंखा बंद. नमुना ०.१ मिलीच असतो, म्हणून हिशेबात दहाने गुणायला विसरू नका: दहा हजारपट डायल्यूशनला ८५ कॉलन्या (जिवाणू वाढून दिसणारे ठिपके) म्हणजे ८५ × १० × १०,००० = ग्रॅमला ८५ लाख.

तरी माझा कल स्प्रेडकडे झुकला तो पिकोव्स्काया अगारमुळे. त्यात लिटरला ५ ग्रॅम ट्रायकॅल्शियम फॉस्फेट असतं. ते विरघळत नाही, म्हणून प्लेट दुधासारखी पांढरी दिसते. जिवाणूने आम्ल सोडलं की कॉलनीभोवती फॉस्फेट विरघळून पारदर्शक वलय उमटतं, आणि तेच तर आपल्याला हवं असतं. पोअरमध्ये बहुतेक कॉलन्या अगारच्या पोटात, भिंगाच्या आकाराच्या, दुधाळ थराखाली दडलेल्या. वलय धूसर, मोजमाप शंकास्पद. त्यातली एक उचलायला नीडलने अगार उकरावा लागतो, आणि शेजारची कॉलनीही सोबत येते. शुद्ध कल्चर मिळवण्यात दोन-तीन स्ट्रीकिंग (नव्या प्लेटवर रेघा ओढून जिवाणू वेगळे करणं) जास्त जातात. प्रत्येक स्ट्रीकिंगला तीन-चार दिवस धरले, तर सबमिशनच्या तोंडावर हे फार जड जातं.

स्प्रेडच्या प्लेटा ओततानाही फ्लास्क दर दोन-तीन प्लेटांनी हलकेच फिरवत राहा. फॉस्फेट तळाशी बसतं, मग पहिल्या प्लेटा फिक्या आणि शेवटची चुन्यासारखी होते.

प्लेटा २८-३० अंशांवर ठेवायच्या. खानदेशच्या उन्हाळ्यात साधा इन्क्युबेटर इतका खाली येतच नाही, त्याला थंड करायची सोयच नसते. थंडही करता येणाऱ्या बीओडी इन्क्युबेटरमध्ये जागा आधी सांगून ठेवा. वलयं तिसऱ्या दिवसापासून बघा आणि सातव्या दिवसापर्यंत रोज मोजा. काही जिवाणूंचं वलय पाचव्या दिवशी उमटतं.