दिवाळीत वाघ्याला सांभाळणारे घर : खंडवा रोडवरील एका डॉग हॉस्टेलचा अनुभव

आमचा वाघ्या आठ वर्षांचा गावठी कुत्रा आहे. चंपाषष्ठीच्या आदल्या संध्याकाळी तो इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या जिन्याखाली सापडला, तेव्हा ओंजळीत मावेल एवढा होता आणि थंडीने थरथरत होता. सासूबाईंनी त्याला जुन्या लुगड्यात गुंडाळले, ‘खंडोबाने धाडला आहे, आता याला कुठे पाठवायचे नाही’ असे सांगितले आणि नावही त्यांनीच ठेवले. एरवी अत्यंत समजूतदार असलेला हा प्राणी दसरा झाला की बदलू लागतो. कोजागिरीच्या सुमारास गल्लीत पहिली लवंगी माळ लागते आणि त्या दिवसापासून तो संध्याकाळी बाहेर पडायला नकार देतो, जेवण अर्धे टाकतो आणि रात्री कपाटामागच्या फटीत शिरण्याची धडपड करतो.

दोन वर्षांपूर्वी आम्ही त्याला दिवाळीत शहरातल्या एका ठिकाणी ठेवले होते. त्या जागेचे नाव लिहिण्याची इच्छा नाही. ओळीने पिंजरे होते, वरती पत्रे होते आणि रात्री तिथे कोणीही झोपत नव्हते, ही गोष्ट आम्हाला त्याला घरी आणल्यावर कळली; घशाला भुंकून भुंकून बसलेली खरखर जायला आठवडा लागला. म्हणून गेल्या वर्षी घरीच ठेवला, तर लक्ष्मीपूजनाच्या रात्री प्रसाद द्यायला आलेल्या मुलांसाठी दार उघडले असता तो सुसाट पळाला. रात्री एक वाजता तीन गल्ल्या पलीकडे उभ्या असलेल्या रिक्षेखाली सापडला, तेव्हा त्याच्या चारही पंजांच्या गाद्या सोलवटल्या होत्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिवाळीच्या रात्री फटाक्यांसाठी ८ ते १० ही वेळ ठरवून दिली, चार मीटरवर १२५ डेसिबलहून अधिक आवाज करणारे फटाके तर त्याआधीपासूनच नियमाने मना आहेत; पण रात्री एकच्या सुमारास रिक्षेखाली पोटावर सरपटत जाणाऱ्या माझ्या लेकीच्या कानाशीही सुतळी बॉम्ब वाजतच होते.

यंदा नणंदेकडे पुण्याला भाऊबीज ठरली, त्यामुळे धनत्रयोदशीपासून पाच रात्री वाघ्याची व्यवस्था करणे भागच होते. आमच्या व्हेटकडे येणाऱ्या एका कुटुंबाने खंडवा रोडवर तेजाजी नगरच्या पुढे, शेतांमध्ये घर बांधून राहणाऱ्या एका सेवानिवृत्त दांपत्याचे नाव सुचवले. ते आपल्या राहत्या घरी एका वेळी जास्तीत जास्त सहा कुत्री ठेवून घेतात. जाहिरात नाही, फलक नाही, फक्त फाटकावर ‘आधी फोन करावा’ अशी पाटी आहे. आम्ही ती जागा दिवाळीत आणि नंतर मार्गशीर्षात अशी दोनदा वापरली.

सर्वांत आधी सांगावेसे वाटते ते हे की, या लोकांनी आम्हाला होकार देण्यास जवळजवळ पंधरा दिवस घेतले. नवरात्रात आम्हाला वाघ्यासह घरी बोलावले, त्याला अंगणात मोकळा सोडला आणि काका एका बाजूला खुर्ची टाकून नुसते त्याच्याकडे पाहत बसले. काकूंनी वही काढून आम्हाला जे प्रश्न विचारले, ते आजवर कोणी विचारले नव्हते. भीती वाटली की तो पळतो, लपतो की चावतो? लपताना उंचावर जातो की एखाद्या वस्तूखाली? विजेच्या कडकडाटाला घाबरतो का, की केवळ फटाक्यांना? त्याला कोणाच्या हाताने जेवायची सवय आहे? गेल्या वर्षीच्या पळापळीची हकिगत मी सांगितली, तेव्हा काकूंनी मान डोलावून ‘म्हणजे त्याला बाहेर जायचे नव्हते, आवाजापासून लांब जायचे होते’ असे म्हटले आणि वहीत तसेच लिहून घेतले. कुत्र्याला माणसाच्या दुपटीहून अधिक वरच्या पट्टीतले, साधारण ४५,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात आणि आपल्याला लांबून येणारा बार त्याच्या अगदी जवळ फुटल्यासारखा असू शकतो, हे आम्हाला वाचून ठाऊक होते. परंतु त्यानुसार घर लावलेले मात्र प्रथमच पाहिले.

कागदपत्रांच्या बाबतीत ते अजिबात सूट देत नाहीत. रेबीजची लस वर्षाच्या आतली हवी, नाइन-इन-वन या अनेक रोगांवरच्या एकत्रित लसीची नोंद हवी आणि केनल कफची, म्हणजे कुत्र्यांच्या सांसर्गिक खोकल्याची लस येण्याआधी किमान दोन आठवडे घेतलेली हवी. आम्ही असतानाच एक गृहस्थ आपल्या लॅब्रेडॉरला घेऊन आले, त्यांच्याकडे रेबीजचा दाखला नव्हता, तर काकांनी अत्यंत नम्रपणे त्यांना परत पाठवले. खाण्याचीही यादी झाली. सासूबाई वाघ्याला दिवाळीत करंजीचा तुकडा हमखास देतात, हे कळल्यावर काकूंनी त्यांना समजावून सांगितले की मनुका-बेदाण्यांनी कुत्र्याचे मूत्रपिंड बिघडू शकते, चिवड्यातला कांदा त्याच्या रक्ताला बाधतो आणि चॉकलेटचे तर नावच घेऊ नये. सासूबाई सहसा कोणाचे ऐकून घेत नाहीत. त्या दिवशी ऐकले, कारण काकू त्यांच्याच वयाच्या होत्या आणि बोलता बोलता दोघींचे माहेर देवासचे निघाले.

आता त्या खोलीबद्दल, कारण माझ्या मते या जागेचे खरे मोल तिथेच आहे. घराच्या मध्यभागी, चारही बाजूंनी इतर खोल्या असलेली, एकही बाहेरची भिंत नसलेली ती एक कोठी आहे. भिंतींवर जुन्या गोधड्या टांगल्या आहेत, दाराला जाड पडदा आहे, एका कडेला दोन खाटा आहेत आणि त्या खाटांवरून खाली जमिनीपर्यंत चादरी सोडल्या आहेत, म्हणजे खाली आपोआप एक गुहा तयार होते. कोपऱ्यात कूलर आहे. पाणी न भरता तो नुसता चालू ठेवतात, त्याच्या एकसुरी घरघरीत बाहेरचे बार बुजून जातात. वाघ्याची चादर न धुता आणा, असे आम्हाला बजावले होते. ती खाटेखाली अंथरली आणि तिच्याखाली माझी एक वापरलेली ओढणी ठेवली.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री काकांनी पावणेनऊला पाठवलेला व्हिडिओ मी पुण्यात पुन्हा पुन्हा पाहिला. खाटेखालच्या अंधारात वाघ्याचे दोन डोळे चमकतात, तोंड उघडे आहे, धाप लागली आहे. खाटेला टेकून, त्याच्याकडे पाठ करून काकू जमिनीवर बसल्या आहेत आणि सुपात तांदूळ निवडत आहेत. त्या त्याच्याशी बोलत नाहीत, त्याला ओढून बाहेर काढत नाहीत, कुरवाळतही नाहीत. मधूनच लांब बार ऐकू येतो, वाघ्या दचकतो, काकूंचा हात तसाच चालू राहतो. साडेदहाच्या व्हिडिओत त्याची हनुवटी खाटेखालून बाहेर येऊन त्यांच्या पदरावर टेकलेली दिसते. बारा वाजता त्याने दहीभात खाल्ला. भीती नाहीशी झाली असे मी म्हणणार नाही, कारण काकूंनी स्वतःच फोनवर सांगितले की तो तीन वेळा थरथरला आणि एकदा आतच लघवी केली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तो अंगणात शेपटी वर करून फिरत होता, आणि आठ वर्षांत पाडव्याच्या सकाळी मी असा वाघ्या पाहिला नव्हता. गुंगीचे औषध ते स्वतःहून देत नाहीत. डॉक्टरांनी लिहून दिले असेल तरच देतात, कारण काही औषधांनी अंग ढिले पडते पण भीती आत तशीच राहते, हे त्यांचे म्हणणे आमच्या व्हेटनेही मान्य केले.

या जागेचा परिसर कुत्र्यांइतकाच माणसांनाही सुखावणारा आहे. आम्ही नवरात्रात गेलो तेव्हा सोयाबीन काढून शेते उघडी पडली होती आणि बांधावर काशाचे गवत फुलले होते. भाऊबीजेनंतर वाघ्याला आणायला गेलो तेव्हा त्याच काळ्या रानात गव्हाची पेरणी चालली होती आणि पाणी सोडलेल्या सऱ्यांमध्ये नुकतेच आलेले धोबी पक्षी शेपट्या नाचवत फिरत होते. कुंपणाच्या तारेवर बसून काळ्या-तांबूस रंगाचा एक लहान पक्षी सतत शेपूट थरथरवत होता. लेकीने पुस्तक काढून पाहिले, तो कृष्ण थिरथिरा निघाला, जो हिवाळा काढायला डोंगराळ उत्तरेकडून इकडे येतो. वाघ्या त्याच्याकडे मान वाकडी करून पाच मिनिटे पाहत बसला होता. माळव्याच्या ज्या रात्रींचे इतके गुणगान होते, त्यांची शांतता शहरात आता शोधावी लागते; इथे सूर्य मावळला की ती आपण होऊन येते.

मात्र याच परिसरामुळे एक काळजीही आहे. रालामंडल अभयारण्य इथून दूर नाही, आणि रालामंडलात बिबटे आहेत. बिबट्यासाठी कुत्रा हे सोपे भक्ष्य असते, त्यामुळे मी पहिल्या भेटीतच याविषयी विचारले. अंगणाला आठ फूट जाळी आहे, दिवेलागणीनंतर एकही कुत्रा बाहेर राहत नाही आणि रात्रीची शेवटची फेरी काका स्वतः दिवा लावून, पट्टा हातात धरून, फाटकाच्या आतच घालतात. माझे समाधान झाले, तरी जाळीला वरून छत नाही, ते असावे, असे मी त्यांना स्पष्ट सांगितले आहे.

दुसरी त्रुटी अधिक गंभीर आहे. वाघ्याला घरी आणल्यावर त्याच संध्याकाळी त्याचे अंग विंचरताना मला उजव्या कानाच्या आतल्या घडीत एक आणि पुढच्या पायाच्या बोटांमध्ये दोन गोचिडी सापडल्या, त्यांतली एक फुगून वाटाण्याएवढी झाली होती. पावसाळा सरता सरता गवतात गोचिडींची संख्या वाढते आणि त्यांच्यामुळे होणारा ताप कित्येकदा एक ते तीन आठवड्यांनी डोके वर काढतो, त्यामुळे पुढचे वीस दिवस आम्ही रोज त्याच्या हिरड्यांचा रंग पाहत होतो आणि जेवण किती गेले ते मोजत होतो. सुदैवाने काही झाले नाही. काकूंना फोन केला तेव्हा त्यांनी सबबी सांगितल्या नाहीत; बांधालगतचे गवत दिवाळीच्या गडबडीत कापायचे राहिले हे कबूल केले आणि आमच्या तपासणीचे पैसे देऊ केले, जे आम्ही घेतले नाहीत. मार्गशीर्षात गेलो तेव्हा गवत मुळापासून काढलेले होते. तरीही माझा सल्ला असा की, तिथे कुत्रा ठेवण्यापूर्वी गोचिडींचे औषध आपल्या डॉक्टरांकडून घेऊन द्यावेच आणि परतल्यावर कान, काख, बोटांच्या बेचक्या व शेपटीचे मूळ बोटांनी चाचपून पाहावे.

दर एरवी दिवसाला ७०० रुपये आहे, दिवाळीच्या पाच दिवसांत ९००. आम्ही ४,५०० रुपये दिले. आपले खाणे आपण नेले तरी सूट नाही. रामबागेतून पोहोचायला पाऊण तास लागतो, ने-आण आपणच करायची आहे आणि घराच्या आत फोनची रेंज जेमतेम असल्यामुळे हवे तेव्हा बोलणे होत नाही, ठरलेल्या वेळी व्हिडिओ मात्र न चुकता येतो. ज्यांना चोवीस तास कॅमेऱ्यावर आपले कुत्रे पाहायचे आहे, त्यांचे इथे समाधान होणार नाही. जी कुत्री इतर कुत्र्यांवर धावून जातात, त्यांना हे लोक घेतच नाहीत.

मार्गशीर्षातला मुक्काम दोन रात्रींचाच होता, उज्जैनला एका लग्नासाठी. तोपर्यंत थंडी चांगलीच पडली होती, पहाटे पारा दहा अंशांच्या आसपास येत होता. वाघ्याचे मागचे सांधे आता थंडीत आखडतात, ही गोष्ट दिवाळीत सांगायची राहून गेली होती, या वेळी आवर्जून सांगितली. त्यांनी त्याच्या खाटेखाली गोणपाटात भाताचा पेंढा भरून जाड गादी केली आणि सकाळची फेरी सहाऐवजी ऊन अंगणात उतरल्यावर साडेआठला घातली. बाकीच्या पाच कुत्र्यांची वेळ मात्र बदलली नाही, म्हणजे काकांना रोज दोन फेऱ्या पडल्या, हे मला त्यांनी नव्हे, तर तिथे कामाला येणाऱ्या बाईंनी सांगितले.

आम्ही त्याला परत आणले ती चंपाषष्ठीची सकाळ होती. चातुर्मासापासून आमच्याकडे वांगे आणि कांदा बंद असतो, तो त्या दिवशी खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून सुटतो, आणि खंडोबाच्या कुत्र्याला घास दिल्याशिवाय सासूबाई पान घेत नाहीत. आजवर वाघ्याला सगळ्यांबरोबरचेच भरीत मिळत असे. यंदा त्यांनी कांदा घालण्याआधी भाजलेल्या वांग्याचा गर, मीठ-मिरचीही न लावता, एका वाटीत वेगळा काढला, रोडगा त्यात कुस्करला, आणि तळी भरून झाल्यावर ‘येळकोट येळकोट जय मल्हार’ म्हणत ती वाटी त्याच्यापुढे ठेवली. त्याच दुपारी त्यांनी स्वतः काकूंना फोन लावून पुढच्या दिवाळीचे पाच दिवस आमच्या नावावर लिहून घ्यायला सांगितले. जागा सहाच आहेत आणि कोजागिरीपर्यंत भरतात, तेव्हा ज्यांना विचार करायचा असेल त्यांनी नवरात्राच्या आधीच फोन करावा.